पानिपतासोबत असईही सांगा : व्याख्यानमालांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर इतिहासाच्या व्याख्यानमाला भरवणाऱ्या सर्व मंडळांचे संयोजक व कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

संक्रांत जवळ आली की तुमच्यापैकी बहुतेकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर पानिपत येते. ते यायलाच हवे. १४ जानेवारी १७६१ या दिवशी मराठी मुलखात घरटी कुणी ना कुणी गेले; त्याची आठवण अडीचशे वर्षांनीही ताजी आहे, यात तुमच्या मंडळांचा मोठा वाटा आहे. मी या व्याख्यानांची जुनी श्रोती आहे. कित्येक वर्षे शाळेत इतिहास शिकवला, तोही बराचसा या व्याख्यानांतून मिळालेल्या शिदोरीवर. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

पानिपतावरच्या व्याख्यानाचा शेवट बहुधा एकाच वाक्यावर होतो : पानिपताने मराठी साम्राज्याचा कणा मोडला. पुढचे व्याख्यान थेट १८१७-१८ चे. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण, बाजीराव ब्रह्मावर्ताला, खेळ खलास. या दोन व्याख्यानांच्या मध्ये एक युद्ध गळून पडते. ऑगस्ट १८०३ ते डिसेंबर १८०३, पुरते पाच महिनेही नाहीत. माझे म्हणणे असे आहे की साम्राज्य गेले ते या युद्धात, आणि त्यातही पहिल्या सात आठवड्यांत. पुढे पंधरा वर्षे जे चालले ते गेलेल्या वैभवाची आवराआवर होती.

पानिपताशी तुलना करून पाहा. पानिपतानंतर अब्दाली परत गेला, दिल्लीत राहिला नाही. पुण्याची गादी शाबूत होती, महसूल येत होता, सावकार कर्ज देत होते आणि थोरल्या माधवरावांसारखा पेशवा उभा राहिला. दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला शाह आलम बादशहाला महादजी शिंद्यांनी तख्तावर आणून बसवले. माणसे गेली, पण माणसे उभी करण्याची ताकद गेली नव्हती. १८०३ मध्ये ती ताकदच हातची गेली, आणि जिंकणारा आपल्या मुलखाला परत जाणारा नव्हता.

पार्श्वभूमी तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. महादजी १७९४ मध्ये गेले, नाना फडणवीस १८०० मध्ये. दुसऱ्या बाजीरावाने यशवंतराव होळकराचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेची धूळधाण उडवली. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत तैनाती फौजेच्या तहावर सही करून बसला. मे १८०३ मध्ये इंग्रजांनी त्याला पुण्यात आणून गादीवर बसवले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. ६ ऑगस्टला युद्ध पुकारले गेले. दौलतराव तेव्हा चोवीस वर्षांचा होता. समोर गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली, दक्षिणेत त्याचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली आणि उत्तरेत सरसेनापती लेक.

इंग्रजांनी घाव सगळीकडे एकाच वेळी घातले : दक्षिणेत अहमदनगर, उत्तरेत अलीगड, गुजरातेत भडोच, पूर्वेला ओडिशा. यांतला पहिला घाव नगरचा, आणि तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. ८ ऑगस्टला आर्थर वेलस्लीच्या माणसांनी नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या आणि त्याच दिवशी पेठ घेतली. मग तोफा किल्ल्याकडे वळल्या. १२ तारखेला किल्लेदार आपली माणसे आणि खासगी चीजवस्तू घेऊन बाहेर पडला. लढाई म्हणून पाहिले तर किरकोळ. पण पेठेवरचा हल्ला पाहायला पेशव्यांच्या बाजूने एक मराठा सरदार इंग्रजांच्या छावणीत हजर होता : बापू गोखले. त्याच्या तोंडचे म्हणून इंग्रजांनी जे उद्गार नोंदवून ठेवले आहेत, त्यांचा आशय असा की हे इंग्रज अजब लोक आहेत. सकाळी आले, तट पाहिला, चढून पलीकडे गेले, आतली शिबंदी मारली आणि न्याहारीला परत आले.

या उद्गारांवर व्याख्यात्याने दहा मिनिटे थांबावे, अशी माझी विनंती आहे. कारण बापू गोखल्याने जे पाहिले, ते चार दिवसांत पुण्याला कळले असणार आणि तिथून प्रत्येक सरदाराच्या वाड्यात, प्रत्येक सावकाराच्या पेढीवर आणि प्रत्येक किल्लेदाराच्या कानी गेले असणार. तो प्रत्येक जण मनात एकच हिशेब करत होता : कोण टिकणार? युद्धाच्या आधी या प्रश्नाचे उत्तर कुणाजवळच नसते. पहिली लढाई ते देते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आपण नातेवाइकांसाठी वापरतो, पण राज्यांच्या बाबतीत ती जशीच्या तशी खरी आहे. मात्र वासे फिरण्याआधी कुणीतरी घर फिरलेले पाहावे लागते. नगरला ते पहिल्यांदा दिसले.

उत्तरेत त्याहून भयंकर घडले. अलीगडचा किल्ला म्हणजे शिंद्यांच्या हिंदुस्थानातल्या सत्तेचे काळीज. महादजींनी द बॉयन या युरोपीय सरदाराकडून कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने तयार केलेल्या पलटणींचे गट, उभे करून घेतले होते आणि त्यांच्या पगारासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख लावून दिला होता. पलटणी त्या मुलखाच्या महसुलावर जगत, तोफा आग्र्याला ओतल्या जात आणि दारूगोळा तिथल्याच कोठारांतून येई. द बॉयननंतर हे सारे पेराँ या फ्रेंच माणसाच्या हाती आले. २९ ऑगस्टला लेकची फौज अलीगडजवळच्या कोइलपाशी दिसताच पेराँचे घोडदळ फारशी झुंज न देता मागे सरले. ४ सप्टेंबरच्या पहाटे अलीगडच्या दरवाजावर हल्ला झाला. शिंद्यांच्या चाकरीतून नुकताच फुटलेला ल्यूकन नावाचा अधिकारी वाट दाखवायला पुढे होता. पहिला दरवाजा लहान तोफेला दाद देईना, म्हणून मोठी तोफ ओढत आणली. ती येईपर्यंत हल्ला करणारे उघड्यावर तिष्ठत उभे होते आणि आतल्या शिबंदीने त्यांना चांगलेच भाजून काढले. इंग्रजांचा कर्नल मॉन्सन तिथेच जखमी झाला. दरवाजामागून दरवाजे पडत गेले. आतली शिबंदी मरेपर्यंत लढली. ठार झालेल्यांचा आकडा सुमारे २,००० दिला जातो. किल्ला लढला आणि किल्ल्याचा धनी पळाला. तीनचार दिवसांत पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि आपली संपत्ती घेऊन पुढे फ्रान्सला परतला.

११ सप्टेंबरला दिल्लीसमोर, यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंजच्या बाजूला, शिंद्यांच्या चाकरीतल्या बूर्काँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालचे कंपू लेकशी भिडले. लेकने घोडदळ मागे घेऊन पळाल्याचे सोंग केले. पक्क्या मोर्चात बसलेले कंपू पाठलागाला बाहेर पडले आणि लेकच्या पायदळाने त्यांना उघड्यावर गाठले. ६८ तोफा गेल्या. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळांतल्या किती जणांनी तो पाहिला आहे, हे तुम्ही त्यांना जरूर विचारा. १६ सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यात आंधळ्या शाह आलमसमोर उभा राहिला. ज्या बादशहाच्या नावाने महादजींनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, सनद मिळवली होती, तो बादशहा, त्याचा शिक्का आणि त्या शिक्क्याचा मान, सारे एका भेटीत इंग्रजांकडे गेले. युद्ध सुरू होऊन तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते.

आता असई. जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. २३ सप्टेंबरच्या सकाळी वेलस्लीला कळले की शिंदे-भोसल्यांची अख्खी फौज इथे उतरली आहे. त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन अजून एका मजलेवर होता आणि दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी हल्ला करायचा, असा बेत होता. वेलस्लीजवळ लढाईत उतरवायला जेमतेम साडेचार हजार शिपाई होते, त्यांतले पुष्कळसे मद्रासकडचे. समोर दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि घोडदळ तर विचारूच नका. वाटाड्यांनी सांगितले की इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले. नदीच्या अलीकडे एक गाव आणि अगदी समोर पलीकडे दुसरे : पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत, म्हणजे माणसांची येजा असणार, म्हणजे उतार असणारच. तो निघाला ते वाटाड्यांचे न ऐकता, गावांच्या रचनेवर भरवसा ठेवून. उतार होता.

इथे आपल्या बाजूचेही सांगितले पाहिजे, कारण ते सहसा सांगितले जात नाही. शत्रू बगलेवर उतरतो आहे हे दिसताच शिंद्यांच्या पलटणींनी आपली अख्खी फळी काटकोनात फिरवून पुन्हा त्याच्यासमोर उभी केली. भर लढाईत तोफांसकट अशी फळी फिरवणे युरोपातल्या उत्तम सैन्यांनाही जड जात असे. मग आपल्या तोफा धडधडल्या. इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज पहिल्याच तडाख्यात आडवे झाले. असई गावाजवळ गेलेली ७४ वी स्कॉटिश पलटण जवळपास कापून निघाली. इंग्रजी पायदळ तोफांवरून पुढे गेले, तेव्हा आपले काही गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि फळी पुढे सरकताच उठले. त्यांनी तोफा उलट्या फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीत गोळे घातले. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. संगिनी घेऊन परत फिरलेल्या शिपायांनी त्यांना तोफेपाशीच मारले.

दिवस संपला तेव्हा इंग्रजांचे ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ झाले होते. म्हणजे लढलेल्या माणसांतला तिसरा हिस्सा. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या वेलस्लीला म्हातारपणी विचारले की तुमच्या आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, तेव्हा त्याने एकच नाव घेतल्याचे सांगतात : असई. पण आपल्या ९८ तोफा गेल्या. हजारोंचे घोडदळ जवळ उभे होते, ते उतरलेच नाही. दौलतराव आणि रघूजी लढाईच्या ऐन रंगात मैदानावर नव्हते.

आता मूळ मुद्द्यावर येते. एवढे जिवावर उदार होऊन लढणारे सैन्य असताना एका हारीने साम्राज्य का बुडावे? आपल्या व्याख्यानांत याला दोन उत्तरे तयार असतात : फितुरी आणि दुही. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी. फितुरी आणि दुही युद्धाच्या आधीपासून होतीच. यश मिळत होते तोवर ती दबलेली होती. त्या पलटणींचे अधिकारी पगारी होते : फ्रेंच, हानोव्हरचे, इंग्रज, अर्धे इंग्रज. इंग्रजांनी जाहीरनामा काढला की शिंद्यांची चाकरी सोडून या, तुमच्या पोटापाण्याची सोय आम्ही करतो. शिंद्यांची सरशी होत असती तर तो कागद कुणी वाचलाही नसता. अलीगडनंतर तो सगळ्यांनी वाचला. जेम्स स्किनरसारखा माणूस, ज्याच्यावर पेराँने आधीच संशय घेऊन त्याला काढून टाकले होते, तो लेककडे गेला आणि शिंद्यांचे हिंदुस्थानी स्वार त्याच्यामागून गेले. आग्र्याचा किल्ला १८ ऑक्टोबरला पडण्याआधी बाहेरच्या पलटणींतले सुमारे अडीच हजार लोक इंग्रजांकडे येऊन मिळाले. शिंद्यांच्या बाजूची सरधन्याची संस्थानिक बेगम समरू हिने वारा ओळखून समेट केला.

आणि मी वर म्हटलेला दुआब? पलटणींचा पगार ज्या मुलखातून निघायचा, तो पहिल्या महिन्यातच गेला. आग्र्याचा तोफखाना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेला. म्हणजे हरलेली फौज पुन्हा उभी करायला जे लागते, ते हरण्यातच संपले. युद्धाच्या मध्यावर किंवा शेवटी असा पराभव झाला असता तर तोवर शत्रूही थकलेला असता, त्याचेही कर्ज वाढलेले असते. सुरुवातीचा पराभव शत्रू ताजातवाना असताना होतो आणि तो तुमचे पुढचे सगळे पर्याय खाऊन टाकतो.

१ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला शिंद्यांच्या उरलेल्या पलटणी लेकशी लढल्या. त्यांचे बहुतेक युरोपीय अधिकारी एव्हाना सोडून गेले होते, तरी गोलंदाज तोफेपाशी उभे राहूनच मेले. लेकने लिहिले आहे की यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची शाश्वती नव्हती, आणि इतकी बिकट लढाई मी आयुष्यात पाहिली नाही. हे लासवारीचे शिपाई आपल्या कोणत्याही व्याख्यानात नसतात, याचे मला मनापासून दुःख होते. नंतर २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचे अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, १७ तारखेला भोसल्यांचा देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा. ओडिशा गेले, दुआब गेला, दिल्ली-आग्रा गेले, भडोच आणि नगर गेले.

आणि यशवंतराव होळकर? तो माळव्यात बसून होता. इंदुरात आणि पुण्यात शिंद्यांशीच लढाया झाल्या होत्या; ते पाहता त्यांच्या मदतीला धावण्याची त्याला घाई नव्हती, आणि असईनंतर तर नाहीच. तो उठला एप्रिल १८०४ मध्ये, शिंदे-भोसले गारद झाल्यावर. तरीही त्याने काय केले ते पाहा. अलीगडच्या दरवाजात जखमी झालेल्या त्याच मॉन्सनला त्याने मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत असे पळवले की तोफा आणि सामान वाटेतच राहिले. पुढे होळकराला साथ देणाऱ्या भरतपुरावर लेकचे चार हल्ले फुकट गेले. ईस्ट इंडिया कंपनीचे लंडनमधले मालक खर्चाने आधीच वैतागलेले होते. १८०५ मध्ये लॉर्ड वेलस्ली माघारी गेला आणि त्याच्या जागी आलेल्या वृद्ध कॉर्नवॉलिसला युद्ध आवरायचे होते. एका मॉन्सनच्या पळापळीने कंपनीची एवढी तारांबळ उडाली. तेच सप्टेंबर १८०३ मध्ये असईला झाले असते तर? हा प्रश्न नुसता मनोरंजनासाठी नाही. पहिल्या पराभवाचे वजन किती असते, ते याने मोजता येते.

हे केवळ आपल्यापुरते नाही, हे श्रोत्यांना कळावे म्हणून व्याख्यात्याने एक परदेशी उदाहरण जोडावे. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य १९१४ च्या जुलैअखेर युद्धात उतरले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आपल्या गॅलिशिया प्रांतात रशियाकडून मार खाऊन लेंबर्ग शहर गमावून बसले. त्या फौजेत दहाबारा भाषांचे शिपाई होते आणि शिपायांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारे जुने, मुरलेले अधिकारी हाच तिचा सांधा होता. ते अधिकारी पहिल्या काही महिन्यांत मोठ्या संख्येने मेले किंवा कैद झाले. साम्राज्य त्यानंतर चार वर्षे लढले, पण जर्मनीच्या खांद्यावर हात ठेवून. १९१८ मध्ये ते फुटले तेव्हा सांधा कधीच निखळलेला होता.

१८१७ कडे आता पुन्हा पाहा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज खडकीला इंग्रजांवर चालून गेली. त्याच तारखेला दौलतराव शिंद्याने इंग्रजांशी ग्वाल्हेरचा तह करून आपले हात बांधून घेतले होते. त्याच्या भोवती इंग्रजी फौजा होत्या आणि त्याच्यापाशी ना दुआब होता, ना अलीगड, ना ते कंपू. खडकीचा पराभव चौदा वर्षे आधी ठरला होता. नगरच्या तटापाशी इंग्रजांचे बळ डोळ्यांनी पाहिलेला बापू गोखले या वेळी त्यांच्याविरुद्ध लढला आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला धारातीर्थी पडला. त्याच्या निष्ठेबद्दल आणि शौर्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण १८०३ च्या ऑगस्टमध्ये तो त्या छावणीत का उभा होता, हेही आपण श्रोत्यांना सांगायला हवे.

माझे मागणे फार नाही. येत्या वर्षीच्या कार्यक्रमात २३ सप्टेंबरच्या आसपास एक दिवस १८०३ ला द्या. वक्त्याला सांगा की मागे हिंदुस्थानचा मोठा नकाशा लावा आणि नगर, भडोच, अलीगड, दिल्ली, कटक ही ठिकाणे तारखांसह दाखवा, म्हणजे घाव किती आणि किती लागोपाठ होते ते एका नजरेत कळेल. संभाजीनगर-जालन्याकडच्या मंडळांनी असईला एक सहल काढावी, नदीचा उतार आणि समोरासमोरची ती दोन गावे लोकांना दाखवावीत. दिल्लीच्या मंडळींनी नोएडाच्या स्तंभाजवळ जाण्याची परवानगी काढावी. अकोला-अमरावतीकरांना अडगाव आणि गाविलगड घराजवळच आहेत. आणि व्याख्यानाच्या शेवटी प्रश्नोत्तरांना भरपूर वेळ ठेवा, कारण हा विषय ऐकल्यावर लोक गप्प बसत नाहीत; वर्गात नववीतली मुलेसुद्धा बसत नसत.

वक्ता मिळत नसेल तर कळवा. जालना आणि अकोल्याकडे या लढायांवर मनापासून काम करणारे स्थानिक अभ्यासक आहेत, त्यांच्यापर्यंत तुम्हाला पोहोचवण्याची जबाबदारी मी घेते.

कळावे,
आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका आणि तुमची नियमित श्रोती